डाव्या डोळ्यापुढचा पडदा

गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडलं आणि मग चष्मेवाल्याच्या लक्षात आलं, आपण अगदी बरोबर बोललो. चुकीचं बोलून पस्तावण्याची त्याला सवय होती, बायकोने ती चांगली अंगवळणी पाडली होती. पण बरोबर बोलल्यावर हातपाय असे गार पडावेत हे काही त्याला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे साठीच्या आतबाहेरचा एक गृहस्थ, या दुकानात पहिल्यांदाच आलेला, खुर्चीत टेकायच्या आधीच सांगायला लागलेला. "नंबर वाढला असणार हो. मधूनच उजव्या डोळ्यापुढे काळोख येतो. वरून खाली, पडदा सोडावा तसा. थोडा वेळ राहतो आणि जातो आपला." नंबर काढायची ती जड गोल चौकट, जिच्यात एकेक भिंग सरकवून अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, त्याच्या हातातच होती. ती त्याने काउंटरवर ठेवली. "एकाच डोळ्यापुढे?" "एकाच." "दुखतं?" "छे, दुखायचं नाव नाही." "मग मी तुमचा चष्मा करणार नाही," तो म्हणाला होता. "हे डोळ्याचं दुखणं नाही. डोळ्याला रक्त मानेतून जातं, तिथे काहीतरी अडकतंय. आज डोळा झाकला, उद्या मेंदूकडे गेलं तर अर्धं अंग जाईल. इथून घरी जाऊ नका, सरळ हॉस्पिटलमध्ये जा." गृहस्थ घाबरला, थोडा चिडलाही, चष्मेवाल्याने चष्मा नाकारणं त्याला अपमानासारखं वाटलं असावं. पण गेला. समोरच्या रस्त्यावर रिक्षा थांबवताना दिसलासुद्धा. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. चष्म्याची विद्या शिकवणाऱ्या मास्तरांनी हे वाक्य वर्गाकडून घोटून घेतलं होतं, आणि ते असं जिभेच्या टोकावर तयार होतं. परक्या माणसासाठी तयार होतं. चार महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून ताईने हेच सांगितलं होतं आणि ताईला त्याने चष्मा करून दिला होता.

हेच सांगितलं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच, फक्त ताईचे असल्यामुळे त्यात थोडी फोडणी जास्त. "बारक्या, तुझ्या या डाव्या डोळ्याने माझ्याशी असहकार पुकारलाय," ती म्हणाली होती. डोळा तिचा, पण घरात जे जे बिघडायचं ते त्याचं असायचं, त्यामुळे 'तुझ्या डोळ्याने' यात त्याला वावगं वाटलं नव्हतं. "सुईत दोरा ओवत बसले की मधूनच वरून काळं उतरतं. निम्मी सुई गायब. मी आपली बसते हात मांडीवर ठेवून. मग उजळतं." ताई कपडे दुरुस्तीचं काम करायची, अजूनही करायची, पँटची लांबी कमी करणं, कोटाचं फाटलेलं अस्तर बदलणं, चेन बसवणं. तिने डोळ्याविषयी तक्रार करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने सणच होता. त्याने तिला खुर्चीत बसवलं, दिवा लावला, तक्ता वाचायला लावला. नंबर खरंच थोडा बदलला होता, त्या वयात सगळ्यांचाच बदलतो. आणि मास्तरांचं वाक्य? त्याला आता खोटं बोलायचं नव्हतं, निदान स्वतःशी तरी. वाक्य तेव्हाही आलं होतं. एखादं गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहावं आणि आपण दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेले असताना मान वर न करता म्हणावं, 'बसा हं, बघतो', तसं त्याने त्या वाक्याला बसवून ठेवलं होतं. मग तो फ्रेम निवडण्यात रमला होता. ताईच्या रुंद चेहऱ्याला कुठली शोभेल, नाकावर घसरणार नाही अशी कुठली, वजनाला हलकी कुठली. वाक्य बसून बसून कंटाळलं असेल आणि उठून गेलं असेल.

का, याचंही उत्तर त्याच्याकडे होतं, आणि ते त्याला आवडत नव्हतं. ताई त्याच्याहून खूप मोठी, आईच शोभावी इतकी. आईवडील लवकर गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ती शिवणयंत्रावर. त्याच्या चड्ड्या, त्याची फी, शाळेतल्या मास्तरांशी झालेलं भांडण, पुढे बायकोशी झालेलं, दुकानाच्या जागामालकाने दाखवलेला हिसका, सगळं ताईने सरळ केलं. ती काही करते आहे हे कळायच्या आत तिचं करून झालेलं असायचं, आणि मग ती त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "बारक्या, तू कधी मोठा होणार?" तो मोठा झाला, टक्कल पडलं, पोट सुटलं, त्याच्या हाताखाली एक माणूस काम करू लागला, तरी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ कधी आली नाही. ताईला लागेल असं त्याच्याकडे कधी काही नव्हतंच. ती भेटीसुद्धा परत करायची, "बदलून घे, मला काय करायचंय." आणि त्या दिवशी ती त्याच्या खुर्चीत बसली होती, त्याने हनुवटीला हात लावून तिचा चेहरा सरळ केला होता, ती गप्प राहून त्याने सांगितलेलं ऐकत होती. डाव्या डोळ्यावर हात ठेव. आता उजव्या. वर बघ. त्या अर्ध्या तासात तो मोठा होता. 'हे माझं काम नाही, हॉस्पिटलमध्ये जा' असं म्हटलं असतं तर पुन्हा बारक्या झाला असता. एवढंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस माणसाला मारू शकतो, हे रिकाम्या दुकानात उभं राहून कळणं बरं नव्हतं.

बरं, चष्म्याने गुण आला होता, हे आणखी वाईट. चष्मा घेऊन गेल्यावर आठवड्याभरात ती आली होती आणि म्हणाली होती, "जादू आहे रे तुझ्या हातात. त्यानंतर काळं म्हणून नाही." तो दोन दिवस तरंगत होता. बायकोला सांगितलं, हाताखालच्या माणसाला सांगितलं, आरशात बघून स्वतःलाही सांगितलं असेल. मग ताई येतजात राहिली. काम नसताना दुकानात बाकावर बसायची आणि फ्रेम बघत घुटमळणाऱ्या बायकांना सल्ले द्यायची. एकदा एक बाई काचा महाग म्हणून काढता पाय घेत होत्या, तर ताईने त्यांना हाताला धरून बसवलं. "अहो बाई, माझा हा डोळा गेल्यात जमा होता. अंधारच यायचा. माझ्या भावाने भिंग असं काही बसवलं की बघा, लख्ख." आणि मग बोलतच राहिली, काचा कशा घासतात, फ्रेम कशी वाकवतात, तिला न कळणारं सगळं. तो काउंटरमागे संकोचून हसत होता आणि आतून फुगत होता. तेव्हा कळायला हवं होतं. चष्म्याने असला अंधार जात नाही. अंधार आपणहून जातो, आपणहून येतो, आणि मधल्या काळात चष्मेवाल्याला मोठेपण देऊन जातो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ते ठाऊक असू दिलं नव्हतं.

ते गिऱ्हाईक गेलं त्याच दुपारी त्याने दुकान माणसावर सोपवलं आणि तडक ताईकडे गेला. "मानेची तपासणी करून घेऊ," एवढंच म्हणाला. "माझ्या मानेला काय झालंय? ताठ आहे अजून," ती म्हणाली, पण त्याच्या तोंडाकडे बघून चपला घातल्या. तपासणीच्या खोलीत दिवे मंद होते. ताई उताणी, हनुवटी वर, मानेवर गार चिकट मलम, आणि त्यावरून एक तरुण मुलगी हातातलं यंत्र हळूहळू फिरवत होती. "सगळ्यांना माझी मानच धरायची असते," ताई म्हणाली, आणि मुलगी हसली, "आता बोलू नका हं आजी, आवाज ऐकायचाय." तो पायाशी स्टुलावर बसला होता. आधी उजवी बाजू. खोलीत रक्ताचा आवाज भरला, दमदार, ठोक्याठोक्याला एकसारखा. माणसाच्या आत इतका आवाज असतो हे त्याला माहीत नव्हतं, आणि या आवाजाने आपल्याला लहानाचं मोठं केलं असं काहीतरी त्याच्या मनात आलं. मग यंत्र डावीकडे गेलं. आवाज चिरका झाला. अरुंद फटीतून वारा जावा तशी शीळ. मुलगी पुन्हापुन्हा त्याच जागेवर आली, पडद्यावर रेघा ओढू लागली. ताई छताकडे बघत होती. तिचा डावा डोळा, तो स्वच्छ, तपकिरी, निरपराध डोळा, त्याने त्यात दिवा मारून बघितलं होतं आणि सगळं ठीक दिसलं होतं. दुखणं डोळ्याच्या वीतभर खाली होतं. वीतभर खाली बघायचं एवढंच राहून गेलं होतं.

रक्तवाहिन्यांचे सर्जन बाराखडी शिकवावी तसं सावकाश बोलणारे होते. कागदावर त्यांनी मानेतली रक्ताची नाडी काढली, वर गेल्यावर तिचे फाटे काढले, एक फाटा डोळ्याकडे, बाकीचे मेंदूकडे. "लोकांना वाटतं नळीत गाळ साठलाय, बस," ते म्हणाले. "नळी असती तर सोपं होतं. नाडी जिवंत असते. जास्त रक्त हवं तेव्हा ती पसरते, नको तेव्हा आवळते, आतून इतकी गुळगुळीत असते की रक्त कुठे अडत नाही. तुमचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं. गोळ्या घेत होता?" ताईने आठवेल तेव्हा, असं हातानेच दाखवलं. "त्या दाबाने, साखरेने आतलं अस्तर खरबरीत होतं. मग त्यात चरबी शिरते, नाडी ताठर होते, पसरायचं विसरते. आणि त्या खरबरीत जागेवर रक्ताच्या बारीक गुठळ्या धरतात, सुटतात, पुढे वाहत जातात." "अस्तर विरलं की धागे निघायला लागतात," ताई म्हणाली, "कळलं मला." सर्जनना हे आवडलं. "अगदी. धागा डोळ्याकडे गेला तर काळं येतं आणि विरघळला की जातं. मेंदूकडे गेला आणि नाही विरघळला तर पक्षाघात. तुमची डावी बाजू आहे, म्हणजे जाईल तो उजवा हात. आणि वाचा." वाचा हा शब्द त्यांनी आधीच्या शब्दांसारखाच साध्या आवाजात उच्चारला. ताई, जिचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं, आणि तेसुद्धा खात्रीने नाही, नुसती कागदावरच्या फाट्यांकडे बघत राहिली.

मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "आता सगळं एका गोष्टीवर आहे. शेवटचं काळं कधी आलं होतं?" ते समजावत राहिले. नुकतंच येऊन गेलं असेल तर ती जागा आत्ता तापलेली आहे, पुढचे दिवस फार जोखमीचे, तेव्हा लगोलग नाडी उघडून आतला थर काढायचा. महिनोन्महिने काही झालंच नसेल तर तितकी घाई नाही. गोळ्या सुरू करायच्या, वाट बघायची, पुन्हा तपासायचं. कारण ऑपरेशनही काही गंमत नव्हे, करता करताच झटका येऊ शकतो, उगाच कोणी करत नाही. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "याने चष्मा करून दिल्यापासून एकदाही नाही," ती म्हणाली. "चार महिने झाले." "नक्की?" "नक्की म्हणजे? माझा डोळा आहे. भावाचा चष्मा लागू पडला मला." सर्जननी त्याच्याकडे बघितलं, चष्मेवाला म्हणजे अर्धा डॉक्टर अशा भावनेने. त्याने मान हलवली. होकाराची होती की नकाराची, हे त्याला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. सर्जननी लिहून दिलं: गोळ्या, सहा आठवड्यांनी पुन्हा.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. बायको म्हणाली, "डॉक्टर म्हणतात घाई नाही, मग तुमचं काय चाललंय?" तो म्हणाला काही नाही. काही नाही म्हणत तो काचा घासायच्या यंत्रासमोर बसून राहायचा. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली होती: चष्म्याने ते थांबलं नव्हतं. थांबू शकत नव्हतं. मग एक तर ते आपणहून थांबलं असेल, नाही तर ताई खोटं बोलत असेल. आपणहून थांबलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घालून बघितली, आणि ती समजूत त्याच्याच बाजूची आहे हे दिसल्याबरोबर त्याला तिच्यातल्या लबाडीचा वास आला. सर्जनकडे जाऊन 'बहीण खोटं बोलते' म्हणायचं? ती पुन्हा तेच ठासून सांगेल, माझा डोळा आहे म्हणेल. ताईला दटावून खरं बोलायला लावलेला माणूस अजून जन्मायचा होता. तिला एकाच रीतीने मोकळं करता येणार होतं. चष्मा लागू पडला, या एका गोष्टीवर ती चार महिने पाय रोवून उभी होती, ती गोष्ट तिच्या पायाखालून काढून घ्यायची. म्हणजे तिच्यासमोर उभं राहून सांगायचं की मला माहीत होतं आणि मी तुला चष्मा विकला. विकला नव्हता, फुकट दिला होता. त्याने काही फरक पडतो का, याचा त्याने थोडा वेळ विचार केला आणि स्वतःचीच शिसारी येऊन उठला. मग वाटलं, उद्या. उद्या सांगू. आणि मग वाटलं, आज संध्याकाळी तिचा एखादा धागा सुटला आणि वर गेला तर उद्या ती आपल्याकडे बघेल आणि आपलं नाव, लहानपणी तिनेच ठेवलेलं ते मूर्ख नाव, तिला आठवणार नाही. त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि ते तसंच सोडून चालू लागला.

ताई यंत्रावर बसली होती. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवून टेबलावर पसरलं होतं. खिडकीतला उजेड तिच्या उजव्या अंगाने येत होता, आणि त्याला आठवलं की इतकी वर्षं तो डाव्या अंगाने यायचा. तिने यंत्र फिरवून ठेवलं होतं. उजव्या डोळ्याला उजेड मिळावा म्हणून एवढं जड यंत्र एकटीने ओढलं होतं. मग बोलायला धीर आला, किंवा धीराचा प्रश्न उरला नाही.

"ताई, त्या चष्म्याने काही झालेलं नाही."

"काय झालेलं नाही?"

"काळं यायचं थांबलं नाही. चष्म्याने ते थांबतच नाही. मला तेव्हाच माहीत होतं. त्याच दिवशी तुला हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं होतं. परवा एक अनोळखी माणूस आला, त्याला मी उभ्या उभ्या पाठवलं. तुला नाही पाठवलं. तुला मी फ्रेमी दाखवत बसलो."

ताईने यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "का रे?"

तिने ते रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, भाजी का नाही आणलीस तसं. "मला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं," तो म्हणाला, आणि ते इतकं पोरकट ऐकू आलं की त्याला खाली बघावंसं वाटलं. खाली कोटाचं अस्तर होतं, काखेपाशी विरलेलं, धागे सुटलेले. तो तिथेच बघत राहिला.

तिने चाकावरचा हात काढला. मग म्हणाली, "वेडा आहेस. मला का माहीत नव्हतं, चष्म्याने नाही झालं ते? चष्मा घालून घरी आले त्याच दिवशी काळं आलं. सुई घेतली हातात आणि आलं."

"मग मला जादू आहे म्हणालीस ते?"

"तुझं तोंड बघायचं होतंस आरशात. चष्मा चढवताना. शाळेत बक्षीस मिळालं होतं तेव्हासुद्धा तसं नव्हतं झालं. म्हटलं, एवढा खूश झालाय, कशाला सांगायचं. जाईल आपोआप." ती उठून खिडकीशी गेली. "त्या बाई आल्या होत्या ना दुकानात, काचा महाग म्हणून निघालेल्या. त्यांना मी लख्ख दिसतं म्हणून सांगत होते, तेव्हा डावीकडचं सगळं काळंच होतं. त्या बाईंचं अर्धंच तोंड दिसत होतं मला. म्हणून तर एवढं बोलले. गप्प बसले असते तर तुला कळलं असतं."

आपण काउंटरमागे फुगत होतो आणि ती बाकावर बसून, अर्ध्या अंधारात, आपल्याला फुगवत होती. त्याला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, तिला धरून हलवावंसं वाटलं की ताई, यात तू मेली असतीस, माझ्या तोंडावरच्या हसण्यासाठी तू मेली असतीस. त्यातलं त्याने काहीच केलं नाही. त्याने विचारलं, "शेवटचं कधी आलं?"

"काल. जेवताना. हातातून चमचापण पडला." तिने आपल्या हाताकडे बघितलं. "उजव्या हातातून."

"उठ," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला कधी हुकूम केला नव्हता. तिने कोटाची घडी घातली, गिऱ्हाइकाला सापडेल अशी वर ठेवली, आणि चपला घातल्या. वाटेत रिक्षात तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला नाही. सर्जननी सगळं ऐकून फक्त 'हं' म्हटलं, तो 'हं' त्याला पुरून उरला. तिला त्याच क्षणी दाखल करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली वेळ दिली.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसून होता. आत तिची नाडी चिमट्यांनी बंद केलेली असणार, रक्त दुसऱ्या बाजूने वळून जात असणार, आणि वर्षानुवर्षं साठलेला तो थर सर्जन अस्तरापासून सोडवत असणार, ताई कोटातून जुनं अस्तर सोडवायची तसा, घाई न करता. ताईचा मुलगा, त्याचा भाचा, दूरच्या शहरात नोकरीला असायचा, तो रात्रभर प्रवास करून पोचला होता. डोळे तांबारलेले. "मामा," म्हणाला आणि शेजारी बसून राहिला. त्याला कुणी काही नीट सांगितलं नव्हतं, फोनवर नुसतं मानेचं ऑपरेशन एवढंच. मामाने त्याच वेळी ठरवलं, याला आपणच सांगायचं. सगळं, फ्रेमींसकट. आई शुद्धीवर आली की, ती धड आहे एवढं कळलं की, याला बाहेर नेऊन सांगायचं. मग तो काय म्हणायचं ते म्हणो. तोंड बघू नकोस म्हणाला तरी चालेल. ते ठरवल्यावर त्याला बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि लगेच वाटलं, आत तिचा गळा उघडा आहे आणि इथे आपण स्वतःला हलकं करायच्या मागे आहोत. भाच्याने कुठूनसा चहा आणला. तो पुढ्यात तसाच राहिला.

संध्याकाळी दोघांना आत सोडलं. ताईच्या मानेला डावीकडे पट्टी होती, चेहरा सुजट, चष्मा नसल्यामुळे डोळे लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसत होते. सर्जन पलंगापाशी उभे होते. "हसून दाखवा," ते म्हणाले. ती हसली, दोन्ही बाजूंनी सारखी. "उजवा हात वर. माझी बोटं दाबा. आणखी जोरात." सर्जननी तोंड वाकडं केल्यासारखं केलं, म्हणजे जोर होता. "आता बोला बघू काहीतरी. एकदोन शब्द नको, पूर्ण वाक्य हवं. सावकाश."

ताईने ओठ ओले केले. घशातून नळी गेली होती, पहिल्या प्रयत्नात नुसताच वारा निघाला, आणि त्याला सर्जनचे शब्द आठवले. वाचा, डावी बाजू, वाचा. तिने गिळलं, दुखलं असावं, डोळे मिटले, उघडले, भाच्याकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे.

"माझ्या धाकट्या भावाने," ती म्हणाली, "डोळ्यावरून ओळखलं सगळं, म्हणून मी आज बोलतेय."

आवाज घोगरा होता. पण एक अक्षर घसरलं नव्हतं, एक अडखळलं नव्हतं. भाच्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मामाने खरं काय ते सांगून टाकायला तोंड उघडलं. ताई उशीवरून त्याच्याकडे बघत होती, ती नजर त्याच्या ओळखीची होती, लहानपणी वर्गाच्या दारातून मास्तरांशी बोलताना ती पाठीमागे हाताने खूण करायची, तू गप्प बस, मी बघते. त्याने तोंड मिटलं.

"उत्तम," सर्जन म्हणाले. "अगदी स्पष्ट. पण खात्रीसाठी पुन्हा एकदा म्हणता?"

"म्हणते की," ताई म्हणाली, आणि श्वास घेऊन तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायला लागली, शब्दाशब्दावर थांबत, जरा जोरात, पलीकडच्या पलंगावरच्यांनाही ऐकू जाईल असं. आणि तो भाच्याच्या हातात हात तसाच ठेवून, त्यातलं एकही अक्षर चुकू नये म्हणून जीव मुठीत धरून ऐकत उभा राहिला.